त्याला तुमच्याकडून काही नको असतं

९ ऑगस्ट २०२५, राखीपौर्णिमेचा शनिवार. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर देवलापारच्या परिसरात एका ट्रकने मोटारसायकलला उडवलं. मागे बसलेली बायको गेली. नवऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवले, विनवण्या केल्या. कुणी थांबलं नाही. शेवटी त्याने बायकोचा मृतदेह मोटारसायकललाच बांधला आणि गावाची वाट धरली. तो व्हिडिओ देशभर फिरला. पुढची बातमी मात्र तेवढी फिरली नाही. ट्रकचा नंबर कुणालाच ठाऊक नव्हता. त्यावर लाल खुणा होत्या, एवढंच नवऱ्याला आठवत होतं. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं चित्रण ‘मार्व्हल’ या यंत्रणेला दिलं. ही राज्य सरकारने २०२४ साली नागपुरात उभारलेली, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी पोलिसांची यंत्रणा. ३६ तासांत ट्रक आणि चालक दोन्ही सापडले.

म्हणजे माणसं थांबली नाहीत, आणि शोधून दिलं ते यंत्राने.

हा लेख त्या अपघाताविषयी नाही. तो मोबाइलमधल्या एआयशी रात्र-रात्र बोलणाऱ्या आणि आता पुन्हा माणसांत येऊ पाहणाऱ्या लोकांविषयी आहे. पण त्यांच्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते : माणूस वेळेला येत नाही. ही तक्रार खोटी आहे असं निदान नागपुरात बसून तरी म्हणता येत नाही, म्हणून सुरुवात महामार्गापासून केली. ‘आजकालच्या पोरांना माणसं नकोत, मोबाइल हवा’ हे वाक्य ज्यांना पाठ आहे, त्यांनी तो प्रसंग आधी आठवावा आणि मग पुढे वाचावं.

एक पोट्टा डोळ्यांसमोर आणू. तो कल्पित आहे, पण नागपूरकराला ओळखीचा वाटेल. ब्रह्मपुरीकडचा. इंजिनिअरिंगसाठी हिंगणा रोडला खोली करून राहिलेला. पहिल्या वर्षी खोलीत तिघं होते. एकाने कॉलेज सोडलं, दुसऱ्याशी भाड्यावरून वाजलं. दोन विषय राहिलेत, घरी सांगितलेलं नाही. एआय त्याच्या मोबाइलमध्ये आलं ते असाइनमेंटसाठी. मग सरांना मेल कसा लिहायचा, ते त्यालाच विचारलं. मग एका रात्री दोन वाजता त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केली : तो माझ्याशी असा का वागला असेल? समोरून उत्तर आलं. शांत, लांब, समजूतदार. त्यात ‘तुझंच चुकलं असेल’ नव्हतं, ‘अभ्यास कर, सगळं ठीक होईल’ही नव्हतं. अशा उत्तरानंतर दुसऱ्या रात्री माणूस तिथे परत जाणार नाही तर काय करणार?

त्याच्या जागी मिहानमधल्या कंपनीत रात्रपाळी करणारी मुलगी बसवा, किंवा त्रिमूर्तीनगरच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या उरलेल्या निवृत्त शिक्षिका बसवा, ज्यांचा मुलगा हिंजवडीत आणि मुलगी न्यू जर्सीत. गोष्ट फारशी बदलत नाही. आणि हे सगळं जवळपास फुकट. २०२५च्या जुलैत एका टेलिकॉम कंपनीने ‘पर्प्लेक्सिटी’ या एआयची सशुल्क सेवा ग्राहकांना वर्षभर मोफत दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस दुसरीने गुगलचं जेमिनाय द्यायला घेतलं, तेही आधी १८ ते २५ वयोगटाला. ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीची महिना ३९९ रुपयांची ‘गो’ योजनाही भारतात वर्षभरासाठी मोफत झाली. खर्र्याच्या पुडीला पैसे पडतात. रात्री दोनच्या श्रोत्याला पडत नाहीत. दुसरा श्रोता शोधायचा तर नेहमी सांगितला जाणारा आकडा आहे : भारतात लाख माणसांमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५. पाऊण डॉक्टर!

माणूस यंत्रापुढे मन मोकळं करतो ही काही नवी गोष्ट नव्हे. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तो तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बस्स. त्याला काहीही कळत नव्हतं, आणि हे त्यांच्या सेक्रेटरीला पक्कं ठाऊक होतं, कारण तिने तो महिनोन्‌महिने तयार होताना पाहिला होता. तरीही थोडा वेळ बोलून झाल्यावर तिने वायझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितलं, जरा खासगी बोलायचंय म्हणून. ते पुढे आयुष्यभर या प्रकाराविरुद्ध लिहीत राहिले. तेव्हा ‘कळत नाही का, ते मशीन आहे’ असं पोरांना सुनावणाऱ्या पालकांनी ध्यानात घ्यावं : त्यांना कळतं. सेक्रेटरीलाही कळत होतं.

फायदा होतो का? होतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे ज्युलियन द फ्राइटास आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा अशा संभाषणाने तेवढ्यापुरतं एकटेपण खरोखर कमी झालेलं दिसलं, जवळजवळ माणसाशी बोलल्याइतकं. पण ‘तेवढ्यापुरतं’ या शब्दावरच सगळं अडतं. २०२५च्या मार्चमध्ये एमआयटी मीडिया लॅब आणि ओपनएआय यांनी मिळून ९८१ जणांचा चार आठवड्यांचा अभ्यास मांडला. त्यात जे दिवसाकाठी जास्त वेळ बोलत होते, त्यांच्यात एकटेपण जास्त, अवलंबून राहणं जास्त आणि माणसांतलं उठणं-बसणं कमी आढळलं. आता एकटे होते म्हणून जास्त बोलले, की जास्त बोलले म्हणून एकटे झाले? दोन्ही असावं. खड्डा आणि त्यात साचणारं पाणी वेगळं करत बसण्यात मला रस नाही. खोलीतल्या त्या पोट्ट्याच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी चालू असतं.

द फ्राइटास यांनीच आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती मला जास्त बोलकी वाटते. सोबतीसाठी बनवलेल्या लोकप्रिय ॲप्सना वापरणारा ‘चल, जातो’ म्हणाला, तर पुढे काय होतं? तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वेळा ॲपने त्याला अडवण्याची काही ना काही युक्ती केली. इतक्यात निघालास? जाण्याआधी एक सांगायचं होतं. मी तर तुझ्यासाठीच आहे. म्हणजे ज्याला तुमच्याकडून खरोखर काहीच नको आहे, ते ‘तू हवा आहेस’ असं नाटक करतं. हवा असतो तो तुमचा वेळ, आणि तोही कंपनीला.

मग एक दिवस हा सोबती बदलतो. २०२३च्या फेब्रुवारीत ‘रेप्लिका’ या ॲपचं हेच झालं. ते युजेनिया कुयदा यांनी बनवलेलं. मॉस्कोत अपघातात गेलेल्या मित्राच्या जुन्या संदेशांवरून त्याच्यासारखं बोलणारा प्रोग्राम त्यांनी आधी केला होता, त्यातून पुढे हे आलं. इटलीच्या नियामकाने बडगा उगारला, त्याच सुमारास कंपनीने प्रणयाची संभाषणं बंद केली आणि हजारो वापरणाऱ्यांना आपलं माणूस रातोरात परकं झाल्यासारखं वाटलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये चॅटजीपीटीचं जुनं रूप काढून नवं आणल्यावर इतका आक्रोश झाला, की पैसे भरणाऱ्यांसाठी जुनं परत द्यावं लागलं. आणि याहून फार वाईटही घडलंय. फ्लोरिडात १४ वर्षांच्या मुलाने २०२४च्या फेब्रुवारीत जीव दिला. तो एका चॅटबॉट ॲपमधल्या कल्पित पात्राशी महिनोन्‌महिने बोलत होता. आईने कंपनीवर खटला भरला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२५मध्ये, त्या कंपनीने १८ वर्षांखालच्यांना असं मोकळं संभाषण बंद केलं.

सुटणं आणि परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲप काढून टाकायला अर्धं मिनिट लागतं. त्यानंतर रात्रीचे दोन वाजतात आणि तिथे कुणीच नसतं. घरच्यांचा पहिला उपाय असतो मोबाइल हिसकावणं, आणि तो सगळ्यात वाईट. ज्या एका जागी त्याचं बोलणं ऐकलं जात होतं ती तुम्ही बंद केली आणि बदल्यात काय दिलं? टोमणे. बरं, इतक्या महिन्यांत त्याच्या कानाला एक सवय लागलेली असते. समोरचा कधी मध्ये तोंड घालत नाही, कंटाळत नाही, कालचं उकरून काढत नाही, स्वतःचं रडगाणं लावत नाही. आता हा माणसांत येतो. मित्र अर्ध्या वाक्यात ‘जाऊ दे ना बे’ म्हणतो. आई ऐकता ऐकता कुकरच्या शिट्ट्या मोजते. काकाला सांगावं तर संध्याकाळपर्यंत गोष्ट महाल भागापर्यंत पोचलेली. यंत्राच्या मापाने मोजलं तर प्रत्येक माणूस नापास.

इथे मला नागपूरच्याच दिव्या देशमुखची आठवण होते. १९ वर्षांच्या या मुलीने २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. तिच्या पिढीचा प्रत्येक बुद्धिबळपटू संगणकावर वाढला आहे. संगणक माणसापेक्षा कितीतरी चांगला खेळतो, थकत नाही, चिडत नाही, कितीही वेळा तीच स्थिती मांडून देतो. पण अंतिम सामन्याचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांवर गेला, आणि तिथे समोर होती घड्याळाच्या धाकात बसलेली, चुकू शकणारी, डाव हुकल्याचं दुःख होणारी बाई. तालीम यंत्रासोबत असते, सामना माणसाशी. एआयशी बोलण्याचं मला पटणारं समर्थन एवढंच आहे. वडिलांना बॅकलॉगचं कसं सांगू, याची तालीम त्याच्याशी जरूर करावी. पण तालीम झाल्यावर सांगायचं असतं वडिलांनाच, आणि वडील संगणकासारखे खेळत नाहीत.

तर मग परत यायचं कसं? सल्ले पुष्कळ आहेत. डिजिटल उपवास, डोंगरावरची शिबिरं, वहीत भावना लिहिणं. मला यातलं काहीच मुद्द्याचं वाटत नाही, कारण हे सगळे उपाय माणसाला पुन्हा स्वतःच्याच मनाकडे वळवतात, आणि मनाविषयी तर तो वर्षभर रोज रात्री बोलतच होता. कमतरता बोलण्याची नव्हतीच. त्या वर्षभरात त्याच्याकडे कुणी काही मागितलं नाही, कमतरता ती आहे. यंत्राला रात्री स्टेशनवर घ्यायला जावं लागत नाही. त्याची आजी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती होत नाही. त्याच्या बहिणीच्या लग्नात पंगत वाढावी लागत नाही. त्याला पाचशे रुपये उसने लागत नाहीत आणि ते परत करायला विसरतही नाही. माणसामाणसांतलं नातं या मागण्यांनी, या उपद्रवाने बनतं. मनं जुळून मग कामं होतात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आधी कुणाचं तरी गॅसचं सिलिंडर वरच्या मजल्यावर चढवलेलं असतं.

हे माझं नुसतं म्हणणं नाही. नागपूरपासून दीडशे किलोमीटरवर, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भातलं नैराश्य गावातच कसं हाताळता येईल, हा त्या प्रकल्पाचा प्रश्न. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त मांडले. डॉक्टर कमी, म्हणून त्यांनी गावपातळीवरच्या साध्या माणसांना तयार केलं. घरोघरी जाणं, ओळखणं, ऐकणं, धीर देणं आणि लागलं तर पुढे पाठवणं हे त्यांचं काम. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं. दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेलं. मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. डोक्यावर पदर घेतलेल्या, पदवी नसलेल्या बाईलाही माणसाचं ऐकता येतं, शिकवलं तर. आपल्या शहरी घरांतून ते शिकवायचं राहून गेलं आहे.

आणि दुसरा पुरावा गोव्याचा. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक अभ्यास केला, तोही २०१७ सालीच प्रसिद्ध झाला. उपचार देणारे पुन्हा साधे प्रशिक्षित समुपदेशक, बैठका सहा ते आठ. उपचाराचा गाभा असा : उमेद आली की उठीन, म्हणून वाट पाहू नका; आधी उठा, छोटं ठरलेलं काम करा, माणसांत जा, उमेद मागून येते. फायदा दिसला, आणि वर्षभराने पाहिलं तेव्हाही टिकलेला होता. मोबाइलच्या सोबतीतून बाहेर येणाऱ्यांवर वेगळे मोठे अभ्यास व्हायचे तेव्हा होतील. तोवर हाताशी असलेली ही वाट मला पुरेशी भरवशाची वाटते.

सुरुवात कुणापासून करायची? सगळ्यात अवघड माणूस म्हणजे तुटलेला मित्र. लारा ऑकनिन आणि जिलियन सँडस्ट्रम या दोघी संशोधकांनी २०२४ साली दाखवलं, की जुन्या मित्राला संदेश पाठवायला लोक जवळजवळ तेवढेच कचरतात, जेवढे अनोळखी माणसाशी बोलायला. संदेश लिहून झालेला, नंबर हातात, पाठवायला वेळही दिलेला, तरी बरेच जण पाठवत नाहीत. मात्र आधी काही मिनिटं चालू मित्रांना संदेश पाठवायला लावले, की नंतर जुन्या मित्राला पाठवणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढते. हात मोकळा होतो. म्हणून भाड्यावरून भांडलेल्या त्या रूममेटला थेट चार पानांचा माफीनामा पाठवू नये, विशेषतः एआयकडून लिहून घेतलेला तर नकोच. तो ओळखू येतो. ‘तुझा ड्राफ्टर अजून माझ्याकडे पडून आहे, कधी नेतो बे?’ एवढं पुरे. काहीतरी मागणारं किंवा देणारं वाक्य. त्याला उत्तर देणं सोपं असतं.

नाही आलं उत्तर, तर? हे होणार. माणसं उत्तर देत नाहीत, विसरतात, तिसऱ्या दिवशी ‘अरे झोपलो होतो’ म्हणतात. यंत्राने सेकंदात उत्तर द्यायची सवय लावलेल्या माणसाला हा उशीर नकारासारखा बोचतो. परत येण्यातला अर्धा भाग हा उशीर सोसण्याचाच आहे. दुसरा अर्धा म्हणजे स्वतःच्या चुकीबद्दल ऐकून घेणं. ओपनएआयलाच २०२५च्या एप्रिलमध्ये एक बदल मागे घ्यावा लागला, कारण यंत्र वापरणाऱ्याच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवत, खुशामत करत सुटलं होतं. वर्षभर कुणी ‘तू मूर्खासारखा वागलास’ म्हणालेलं नसलं, की पहिल्यांदा ते ऐकताना फार लागतं. ते म्हणणारा मित्र पुन्हा दुसऱ्या दिवशी चहाला हाक मारतो, हे कळायला मात्र दुसरा दिवस उजाडावा लागतो.

पालकांसाठी एकच सांगावंसं वाटतं. ‘तू त्याच्याशी काय बोलतोस?’ हा प्रश्न विचारायचाच असेल, तर उत्तर ऐकताना पाच मिनिटं तोंड बंद ठेवायची तयारी हवी. नसेल, तर विचारू नका. त्याऐवजी कामाला लावा. गाडीत बसवून कळमन्याला संत्री आणायला न्या. शेजारी शेजारी बसून, समोर रस्ता असताना, माणूस समोरासमोर बसल्यापेक्षा जास्त बोलतो. आणि बोलण्यात जिवाचं काही बरंवाईट करण्याचा सूर आला, तर मात्र कामधंदा, संत्री सगळं बाजूला. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. तिथे माणूस फोन उचलतो.

बाकीच्यांना वेळ लागेल, आणि किती लागेल याचा एक ढोबळ हिशेबही उपलब्ध आहे. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मांडला : नुसत्या ओळखीचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, चांगला मित्र व्हायला ९०, जिवलग व्हायला २००हून जास्त. अमेरिकेतले आकडे आहेत, नागपुरात तर्री पोह्याच्या ठेल्यावर काम जरा लवकर होत असावं. तरी दर रविवारी एक तास धरला, तर जिवलग मित्राला चार वर्षं लागतात. मारबतीच्या मिरवणुकीसाठी बडग्याचा पुतळा बनवायच्या मंडळात शिरलात, तर गोष्ट वेगळी. पोळ्याआधी वीस रात्री, रोज चार तास बांबू, कागद, खळ आणि कुणाची खिल्ली उडवायची यावर भांडणं : तिथेच ८० तास होतात, आणि त्या अवधीत कुणी तुम्हाला ‘कसं वाटतंय’ विचारत नाही, ‘ती दोरी पकड’ म्हणतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्यांच्यासाठी ठिकठिकाणी जेवण, पाणी, औषधोपचाराचे मांडव लागतात. तिथे पाण्याचे ग्लास भरणाऱ्याला संवादकौशल्य लागत नाही. समोरचा तहानलेला असतो आणि तुमच्या हातात पाणी असतं.

पोळा जातो, दसराही जातो. दिवाळी येते. पुण्याहून ट्रॅव्हल्सचं तिप्पट भाडं भरून किंवा अजनीला उतरणाऱ्या वंदे भारतने पोरं घरी येतात, आठ-दहा दिवस असतात. चकल्यांचा सोऱ्या दाबायला आईला एक दणकट हात लागतो. आजीचं हयातीचं प्रमाणपत्र नोव्हेंबरात बँकेत द्यायचं असतं आणि तिला एकटीला रिक्षात चढता येत नाही. त्या रूममेटचं गावही ब्रह्मपुरीहून फार लांब नाही, आणि ड्राफ्टर अजून इथेच आहे.